पणजोबा नक्की काय करीत होते?
(जुन्या कागदांतील हुद्दे आणि धंदे यांवरून पूर्वज कसा ओळखावा)



‘तुमचे घराणे बडोद्यास कशासाठी आले?’ असा प्रश्न विचारला की बहुतेक घरांतून एकच उत्तर येते, ‘सरकारी नोकरीसाठी.’ कोणती नोकरी, कोणत्या खात्यात, कोणाच्या हाताखाली, असे पुढे विचारले की घरातली वडील मंडळीही थबकतात. १७३४ साली बडोदे कायमचे गायकवाडांच्या ताब्यात आले. तेव्हापासून पुणे, सातारा, कोकण, खानदेश अशा सर्व बाजूंनी माणसे येथे येत राहिली. कोणी शिलेदार म्हणून आले, कोणी कारकून म्हणून, कोणी भिक्षुकीसाठी, तर कोणी हत्तींच्या आणि घोड्यांच्या पागेत काम करण्यासाठी. आज आपल्यापैकी पुष्कळांकडे या माणसांची फक्त नावे उरली आहेत, आणि नुसत्या नावावरून जुन्या कागदातला माणूस सापडत नाही. सापडला असे वाटते तेव्हा तो बहुधा दुसऱ्याच कोणाचा तरी पणजोबा असतो!

अशा वेळी उपयोगी पडतो तो त्या माणसाचा धंदा किंवा हुद्दा. तो कागदात कसा लिहिलेला असतो, कसा वाचावा आणि त्यावर किती विश्वास ठेवावा, हे या लेखात पाहू.

नाव का पुरत नाही?

आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे एकाच घराण्यात तीच तीच नावे एका पिढीआड फिरत राहतात. मराठ्यांच्या इतिहासातले आपल्या ओळखीचे ‘बाळाजी’ पाहा. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी, पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ (पेशवेपद १७१३ ते १७२०), त्यांचे नातू नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव (१७४० ते १७६१), १७१९ साली दिल्लीत मारले गेलेले बाळाजी महादेव भानू, आणि त्यांचे नातू बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणीस (१७४२ ते १८००). हे पाच बाळाजी, आणि त्यांतल्या दोन जोड्या आजोबा-नातवाच्या.

एखाद्या पत्रात नुसते ‘बाळाजीपंत’ असेल तर हा कोणता बाळाजी, हे ठरवायला तीन गोष्टी लागतात : वडिलांचे नाव, कागदाची तारीख आणि हुद्दा. यांतल्या दोन जुळल्या तर संशयाला जागा राहते. तिन्ही जुळल्या तर आपण बऱ्याच भक्कम जमिनीवर उभे असतो.

वडिलांच्या नावाबद्दल एक सूचना. ‘बल्लाळ’ हे जुन्या कागदात पुष्कळदा आडनाव नसून ‘बाळाजी’चेच रूप असते. नाना फडणिसांचे वडील जनार्दन बल्लाळ, म्हणजे बाळाजींचे पुत्र जनार्दन. बाळाजी आवजींचे पुत्र खंडो बल्लाळ, तेही तसेच. हे ठाऊक नसले तर ‘बल्लाळ’ नावाचे एक नवेच घराणे आपण उभे करून बसू.

हुद्दा कागदात कोठे लिहिलेला असतो?

जुन्या मोडी कागदात आजच्या फॉर्मप्रमाणे ‘व्यवसाय’ असा रकाना नसतो. हुद्दा नावाला चिकटून येतो, आणि त्याच्या आगेमागे काही छोटे शब्द असतात. सारी मेख त्या छोट्या शब्दांत आहे.

‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘निसबत’ म्हणजे अमक्याच्या खात्याकडील किंवा हाताखालील; हा शब्द पुष्कळदा ‘नि॥’ असा आखडून लिहितात. ‘दिम्मत’ म्हणजे अमक्याच्या पथकाकडील किंवा ताब्यातील. तो ‘दि॥’ असा लिहितात. ‘मुतालिक’ म्हणजे मुख्य हुद्देदाराच्या वतीने काम पाहणारा. ‘गुमास्ता’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा नोकर. ‘हस्ते’ म्हणजे ज्याच्या हातून पैसा किंवा जिन्नस दिला तो.

आता ‘कारकून नि॥ फडणीस’ अशी नोंद घ्या. घाईने वाचणारा ‘फडणीस’ एवढेच वाचतो आणि आमचे पूर्वज फडणीस होते असे सांगत सुटतो. कागद मात्र सांगतो, की हा गृहस्थ फडणिसांच्या हाताखालचा कारकून होता. त्यात कमीपणा काहीच नाही. पण फडणिसांच्या वंशावळीत आपल्या पूर्वजाला शोधत बसलो, तर तो कधीच सापडणार नाही. तो सापडेल फडाच्या नोकरांच्या यादीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खरेदीखते, गहाणखते, कोर्टातल्या जबान्या यांत मात्र एक ठरावीक वाक्य येऊ लागते : ‘अमुक तमुक, वय वर्षे इतकी, धंदा नोकरी, राहणार अमुक ठिकाणी.’ या एका ओळीत वय, धंदा आणि वस्ती अशा तीन गोष्टी एकत्र मिळतात. घरात असा एखादा दस्त असेल तर तो आपल्या शोधाचा पहिला खांब समजावा.

हा हुद्दा की आडनाव?

फडणीस म्हणजे सरकारी हिशेब ठेवणारा, चिटणीस म्हणजे पत्रव्यवहार लिहिणारा, पोतनीस म्हणजे रोख खजिन्याचा हिशेब ठेवणारा. सबनीस शिबंदीची हजेरी ठेवी. कारखानीस कोठारातला जिन्नस आणि पुरवठा सांभाळी. पारसनीस फारसी पत्रे वाची व लिही. मुजुमदार वसुलाचे हिशेब तपाशी, जामदार जामदारखान्यातला मौल्यवान ऐवज राखी, आणि पोतदार नाण्यांची पारख करी. गावात पाटील, कुलकर्णी आणि चौगुला; परगण्यात देशमुख आणि देशपांडे. हे सारे मुळात कामाचे शब्द. पुढे तेच आडनावे झाले.

म्हणून आडनावातला हुद्दा आणि माणसाचा धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्के लक्षात ठेवावे. आडनाव बहुधा खापरपणजोबांचा धंदा सांगते. दस्तातली ओळ त्या माणसाचा स्वतःचा धंदा सांगते. बडोद्याच्या कचेरीत कारकुनी करणारा ‘कुलकर्णी’ गावचे दप्तर सांभाळत नव्हता. पण त्याच्या आडनावावरून एक धागा मिळतो : देशावरच्या एखाद्या गावी त्याच्या भाऊबंदांकडे कुलकर्णीपणाचे वतन असावे. ते गाव सापडले तर पुढची वंशावळ तिकडच्या कागदांत मिळू शकते.

याच्या उलटही होते. कामावरून पडलेल्या नावाने मूळ आडनाव झाकले जाते. नाना फडणिसांचे आडनाव भानू, बाळाजी आवजी चिटणिसांचे चित्रे, पेशव्यांचे भट. गोविंदपंत बुंदेले हे बुंदेले राजपूत नव्हते. त्यांचे आडनाव खेर. बुंदेलखंडात कामगिरी केली म्हणून ‘बुंदेले’. तेव्हा तुमच्या आजच्या आडनावाने जुन्या कागदात काहीच सापडत नसेल, तर हिरमुसून जाऊ नका. घरातल्या लग्नपत्रिका, कुलदैवत, गोत्र आणि मूळ गाव यांवरून जुने आडनाव निराळे होते का, ते आधी पाहा.

शिवाय एकच हुद्दा अनेक दरबारांत असे. चिटणीस साताऱ्यास होते तसेच नागपूरकर भोसल्यांकडेही होते. दोघांचे वंशज ‘चिटणीस’च, पण म्हणून ते एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहीत. एका घराण्यातही हाच घोटाळा होतो. १७७०-८० च्या सुमारास पुण्याच्या कागदांत ‘फडणीस’ म्हटले की नाना आठवतात. पण त्यांचे चुलतभाऊ मोरोबाही फडणीसच म्हणवीत, आणि १७७८ साली तर दोघे कारभारासाठी एकमेकांविरुद्ध उभे होते. नुसत्या ‘फडणीस’ शब्दावरून निकाल दिला तर शत्रूचे पत्र मित्राच्या नावे जमा व्हायचे!

शब्द तोच, अर्थ निराळा

हवालदार हा शब्द घ्या. शिवकाळात किल्ल्याचा हवालदार म्हणजे किल्ल्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांपैकी एक. आज हवालदार म्हटले की पोलीस चौकी आठवते. सुभेदार मल्हारराव होळकर माळव्यासारखा सुभा सांभाळीत. इंग्रजी फौजेतला सुभेदार मात्र गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालचा देशी अधिकारी. मोगलाईतला फौजदार लष्करी अंमलदार होता; पुढे तोच शब्द पोलीस अधिकाऱ्याला लागू झाला. त्यामुळे आधी कागदाचे साल पाहावे आणि मगच हुद्द्याचा अर्थ लावावा.

काही शब्द मानाने वापरले जात, काही नम्रतेने. महादजी शिंदे १७८४ साली दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले, म्हणजे सबंध पातशाहीचा कारभार त्यांच्या हाती आला. तरी ते स्वतःला पाटीलच म्हणवीत, आणि त्या काळच्या पत्रांत ‘पाटीलबावा’ म्हणजे महादजीच. तेथे गावचा पाटील शोधू लागलो तर फसलोच. तसाच ‘समशेरबहाद्दर’ हा शब्द. गायकवाडांचा तो किताब. पण बाजीराव आणि मस्तानी यांच्या मुलाचे नावही समशेरबहाद्दरच, आणि तो १७६१ साली पानिपतच्या युद्धानंतर वारला. एक किताब, दुसरे नाव.

जात आणि धंदा यांचीही गल्लत होते. जुन्या कागदात सुतार, परीट, कोळी, गुरव असे शब्द येतात. ते कधी त्या माणसाचे काम सांगतात आणि कधी नुसती जात. जातीने सुतार असलेला मनुष्य तोफखान्यात गोलंदाज असू शकतो. ‘कुणबी’ हा शब्द तर जात म्हणूनही येतो आणि ‘शेती करणारा’ या साध्या अर्थानेही येतो. अशा एका शब्दाच्या वाचनाला आजही किती महत्त्व आहे ते पाहा. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत ‘कुणबी’ नोंदींचा शोध सुरू झाला. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतूच्या दाखल्यापर्यंत येऊन पोहोचतो! म्हणून तो शब्द कागदात आहे तसाच उतरवून घ्यावा. आपल्या सोयीचा अर्थ त्यात घालू नये, आणि गैरसोयीचा असला तर गाळूही नये.

हुद्द्यावरून राज्य ओळखावे

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना एका गोष्टीचा फार उपयोग होतो. एकाच कामाला प्रत्येक राज्यात निराळे नाव होते. तालुक्याचा मुख्य वसुली अंमलदार मुंबई इलाख्यात मामलेदार, बडोदे राज्यात वहिवाटदार, होळकरांच्या इंदूर राज्यात अमीन, आणि निजामाच्या हैदराबादेत तहसीलदार. बडोदे राज्याचे बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत होते. प्रांताच्या मुख्य अधिकाऱ्याला ‘सुभा’ म्हणत आणि त्याच्या हाताखाली ‘नायब सुभा’ असे.

घरात कोणी ‘आमचे पणजोबा वहिवाटदार होते’ असे सांगत असेल तर शोध बडोदे राज्याच्या कागदांत करावा. ‘मामलेदार होते’ असे असेल तर ते इंग्रजी मुलखात नोकरीस असावेत, आणि कुटुंब बडोद्यास नंतर आले असावे. अर्थात घरातल्या आठवणीत हुद्दा एक-दोन पायऱ्या वर चढलेला असतो. कचेरीतला कारकून नातवंडांच्या तोंडी वहिवाटदार होतो. म्हणून आठवणीने दिशा ठरवावी आणि निकाल कागदाने द्यावा.

बडोद्याच्या संदर्भात आणखी काही वर्षे ध्यानात असावीत. १८७५ साली सर टी. माधवराव दिवाण झाले आणि राज्यकारभाराची नवी घडी बसली. त्यापूर्वी इजारदारांकडून वसूल घेण्याची पद्धत होती. नवी खाती, नव्या कचेऱ्या, नवे हुद्दे त्यानंतरचे. १८९० साली कलाभवन सुरू झाले. त्यामुळे रंगकाम, यंत्रकाम, नकाशे काढणे असे शिकलेली मंडळी त्यापुढच्या पिढीत दिसू लागतात. १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि शिक्षकांची संख्या वाढली. १८६० च्या कागदात ‘कलाभवनात शिकलेला’ पूर्वज सापडला, असे कोणी सांगितले तर साल किंवा माणूस, दोहोंपैकी एक चुकले आहे, हे आपल्याला लगेच कळेल.

कोणते कागद पाहावेत?

घरापासून सुरुवात करावी. खरेदीखते, पेन्शनचे कागद, सनदा, पंचांगांच्या मागे लिहिलेल्या नोंदी, जुनी पत्रे. पत्राच्या मायन्यात आणि पत्त्यात हुद्दा हमखास येतो.

त्यानंतर शाळा. आपल्या शाळेसारख्या जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरात मुलाचे जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडण्याचे कारण असते. ‘वडिलांची बदली’ हे कारण दिसले की वडील बदलीच्या नोकरीत होते हे उघड झाले. प्रवेश-अर्ज जपलेले असतील तर त्यांत पालकाचा धंदाही मिळतो. भावंडांची जन्मगावे नवसारी, अमरेली, पाटण अशी पसरलेली असतील, तर तो बापाच्या बदल्यांचा नकाशाच समजा.

सरकारी कागदांत बडोदे राज्याचे राजपत्र ‘आज्ञापत्रिका’ महत्त्वाचे. राज्याचे जुने दफ्तर आज गुजरात राज्य अभिलेखागाराच्या ताब्यात आहे. त्यातले निवडक ऐतिहासिक कागद बडोदे सरकारने १९३४ पासून खंडरूपाने छापले. देशावरच्या मूळ गावासाठी पुण्याचे पेशवे दफ्तर. त्यातील वेच्यांचे ४५ खंड रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केले, आणि हे सरदेसाई आधी अनेक वर्षे आपल्या बडोद्यातच सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे वतनदारांनी आपापल्या कैफियती आणि वंशावळी दिल्या. ज्यांच्याकडे वतन होते त्यांच्यासाठी ते कागद मोलाचे आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही नाव, गाव, नातेवाईक आणि कधी कधी हुद्दा मिळतो.

जनगणनेची मात्र फारशी आशा धरू नये. छापलेल्या अहवालांत कोणत्या धंद्यात किती माणसे, हे आकडे मिळतात. घरोघरच्या माणसांची नावे मिळत नाहीत.

अवघड शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) अजूनही उत्तम. राज्यकारभाराच्या शब्दांसाठी बडोद्यातच १९३१ साली निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ आहे. गावातले वतनदार, बलुतेदार आणि त्यांची कामे समजून घ्यायची तर त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) वाचावे.

तारखांसाठी थोडे गणित लागते. शालिवाहन शकात ७८ मिळवावेत, फसली सनात ५९०, आणि सुहूर सनात ५९९. विक्रम संवतातून ५७ वजा करावेत. वर्षारंभ निरनिराळे असल्याने उत्तरात एका वर्षाचा फरक पडू शकतो.

एक उदाहरण सोडवून पाहू

खालील माणसे व कागद कल्पित आहेत. पद्धत समजावी एवढ्यासाठीच घेतले आहेत. आपल्याला ‘विष्णु गणेश कुलकर्णी’ या पूर्वजाचा शोध घ्यायचा आहे, आणि हाती पाच कागद आले आहेत.

१) १८७९ चे रावपुऱ्यातील घराचे खरेदीखत : विष्णु गणेश कुलकर्णी, वय ३०, धंदा नोकरी.

२) १८८४ ची नवसारी प्रांतातील एका वहिवाटदार कचेरीची नोकरांची यादी : विष्णु गणेश, अव्वल कारकून.

३) १८८४ ची बडोद्यातील एका सराफी पेढीची वही : विष्णु गणेश, मुनीम. बाराही महिने सह्या.

४) १८९१ चे शाळेचे रजिस्टर : गणेश विष्णु कुलकर्णी, जन्म १८८३, जन्मगाव नवसारी. शाळा सोडण्याचे कारण वडिलांची बदली.

५) १९२० चे त्याच रावपुऱ्यातील घराचे विक्रीखत : विकणार गणेश विष्णु कुलकर्णी, वय ३७, धंदा वकिली.

पहिली पायरी. दुसरा आणि तिसरा कागद एकाच वर्षाचे. एक मनुष्य वर्षभर बडोद्याच्या पेढीवर सह्या करीत असताना नवसारीच्या कचेरीत कामावर असू शकत नाही. म्हणजे विष्णु गणेश दोन आहेत. हुद्दे पाहिले नसते तर आपण दोघांचा एक केला असता.

दुसरी पायरी. घर कोणाचे? पहिल्या कागदात ‘धंदा नोकरी’ आहे. पण मुनीमही नोकरीच करतो, कारकूनही नोकरीच करतो. तेव्हा त्यावरून काही ठरत नाही.

तिसरी पायरी. चौथ्या कागदातला मुलगा नवसारीस जन्मला आणि बापाची बदली झाली म्हणून शाळा सोडून गेला. मुनिमाची अशी बदली सहसा होत नाही. म्हणून हा मुलगा अव्वल कारकुनाचा असण्याचा संभव मोठा.

चौथी पायरी. पाचव्या कागदात घर विकणारा गणेश विष्णु. नाव जुळले म्हणून लगेच टाळ्या पिटू नयेत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीने मुनिमाचा मुलगाही गणेशच असू शकतो! येथे कामास येते ते वय. १९२० मधून ३७ वजा केले की १८८३, आणि रजिस्टरातले जन्मवर्ष तेच. तेव्हा घर अव्वल कारकून विष्णु गणेश यांचे, असे म्हणायला चांगला आधार मिळाला.

पाचवी पायरी. वहीत ‘बहुतेक’ असा शेरा लिहावा, ‘नक्की’ असा लिहू नये. दस्तातली वये पुष्कळदा अंदाजाने सांगितलेली असतात. १८७९ च्या खतावरची सही आणि कचेरीच्या कागदावरची सही ताडून पाहता आली, किंवा विक्रीखतात ‘आमचे वडील अमुक कचेरीत नोकरीस असताना’ असे वाक्य मिळाले, तर मग ‘नक्की’.

ही पद्धत तुम्हांलाही सहज वापरता येईल. वहीत पाच रकाने आखा : साल, ठिकाण, कागदात लिहिले आहे तसे नाव, कागदात लिहिला आहे तसा हुद्दा, आणि कागद कोठे पाहिला. सालाच्या क्रमाने नोंदी लावल्या की विसंगती आपोआप डोळ्यांपुढे येतात. माणूस नवव्या वर्षी हुद्द्यावर दिसतो, किंवा वारल्यानंतर दहा वर्षांनी सही करतो, असे दिसले की समजावे, येथे दोन माणसे मिसळली आहेत.

जे धंदे घरात सांगत नाहीत

एक गोष्ट पालकांसाठी. घराण्याचा इतिहास लिहायला बसले की प्रत्येकाला सरदार नाहीतर दिवाण हवा असतो. पण राजवाडा काही सरदारांवर चालत नव्हता. पीलखान्यात माहूत होते, फरासखान्यात तंबू-बिछायती सांभाळणारे होते, मुदपाकखान्यात आचारी होते. चोबदार, मशालजी, जासूद, पखालवाले होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तर बारगिराला सरकारी घोडा मिळे. दोघेही एकाच लढाईत उतरत, पण घराण्याच्या आठवणीत बारगिराचा हटकून शिलेदार झालेला असतो. आपला पूर्वज मशालजी होता म्हणून कागद बाजूला ठेवला, आणि नावसाधर्म्यावरून एखाद्या सरदाराला पूर्वज मानले, तर खरा पणजोबा दुसऱ्यांदा मरतो, आणि या वेळी आपल्याच हातून.

स्त्रियांचा शोध तर याहून कठीण. दस्तात त्यांच्या नावापुढे ‘धंदा घरकाम’ एवढेच असते, आणि बहुतेक जागी त्या ‘अमक्याची बायको’ म्हणूनच येतात. तरी दाई, शिक्षिका, वतनाची मालकी असलेली विधवा अशा रूपाने त्यांची नावे सापडतात. वतनाचे काम तिच्या वतीने गुमास्ता करीत असेल, तर सही गुमास्त्याची आणि हक्क तिचा. अशी नोंद आढळली तर गुमास्त्याला मालक समजू नये, आणि त्या बाईचे नाव वंशावळीत ठळक लिहावे.

आता वेळेबद्दल. पुण्यामुंबईकडची वतनेही कायद्याने संपली : परगणे आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, बलुतेदारांची कनिष्ठ गाववतने १९५८ च्या, आणि महसुली पाटीलकी १९६२ च्या. ज्या कामांवरून ही नावे पडली ती कामे पाहिलेली माणसे आता फार थोडी राहिली आहेत. मोडी वाचणारे त्याहून थोडे. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी एखादी पेटी रद्दीवाल्याकडे जाते, आणि तिच्याबरोबर एक घराणे जाते.

म्हणून तीन विनंत्या. विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत घरातल्या सर्वांत वडील माणसाला पणजोबांचा नुसता हुद्दा विचारून तो त्यांच्याच शब्दांत लिहून आणावा. ‘क्लार्क’ असे भाषांतर करू नये. ते ‘शिरस्तेदार’ म्हणाले तर ‘शिरस्तेदार’च लिहावे. पालकांनी मोडी कागद असलेली पेटी टाकून देण्यापूर्वी जाणत्या माणसाला एकदा दाखवावी. आणि विश्वस्त मंडळींनी शाळेची जुनी जनरल रजिस्टरे व प्रवेश-अर्ज कोरड्या जागी, वाळवी लागणार नाही अशा कपाटात ठेवून त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. त्या रजिस्टरांत या गावातल्या किती मराठी घरांचा पत्ता लिहिलेला आहे, हे ती उघडून पाहिल्यावरच कळेल.